विमानातले ‘मान’

चरकसंहितेच्या आठ स्थानांपैकी तिसऱ्याचे नाव ‘विमानस्थान’ आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथात विमान कुठून आले, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो. पण त्या स्थानात उडणारे काहीच नाही. रस, दोष, औषध, आहार, रोग्याचे बळ यांचे मान कसे ओळखावे याची ती चर्चा आहे. ‘मा’ या धातूचा अर्थ मोजणे. त्याच्यामागे ‘वि’ लागला की विशेष बारकाईने मोजणे. मान, मात्रा, माप, परिमाण, प्रमाण, अनुमान, उपमा, इतकेच काय ‘निर्माण’सुद्धा याच धातूच्या पोटचे. वेदांत देव अंतरिक्ष मोजत, आक्रमत जातात, तिथे हाच शब्द आहे. आकाश मोजत जाणारा तो पुढे आकाशातून जाणारा रथ झाला आणि रामायणात पुष्पक विमान अवतरले. गर्भगृहावर मापात उभारलेले मंदिराचे अंगही विमानच. जैन परंपरेत तर विमानात राहणाऱ्या देवांना ‘वैमानिक’ म्हणतात. हवाई दलाच्या कित्येक शतके आधी वैमानिक होते ते असे.

विसाव्या शतकात ‘एअरोप्लेन’साठी आपण हाच शब्द पुढे केला, तो पुष्पकाच्या आठवणीने. मोजमापाचा मूळ अर्थ तेव्हा कुणाच्या डोक्यात असेल असे वाटत नाही. तरीही माझ्या मते या यंत्राला याहून चपखल नाव कुठल्याही भाषेने दिलेले नाही. सत्तर वर्षांचे एक विमान अजून आकाशात कसे टिकले आहे, हे समजून घेताना त्याची खात्री पटते.

ते विमान म्हणजे अमेरिकेचे बी-५२. बाँबफेकी विमानांच्या त्यांच्या ताफ्यातले सर्वांत जुने. पहिले उड्डाण १५ एप्रिल १९५२. हवाई दलाच्या हाती आले १९५५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या कॅसल तळावर. एकूण ७४४ बांधली गेली आणि शेवटचे ऑक्टोबर १९६२ मध्ये कारखान्याबाहेर गेले. त्यानंतर एकही नवे बी-५२ बनलेले नाही. आज सेवेत आहेत ती ७६, सगळी शेवटच्या ‘एच’ प्रकारातली, आणि त्यांना २०५० च्या पलीकडे उडवायचे ठरले आहे. म्हणजे आज ते विमान चालवणाऱ्या कित्येक वैमानिकांच्या आजोबांच्या उमेदीतले हे यंत्र त्यांच्या नातवंडांपर्यंत पोचणार. या सगळ्या खटाटोपाला इंग्रजीत ‘मॉडर्नायझेशन’ आणि मराठीत ‘आधुनिकीकरण’ म्हणतात.

हे दोन शब्द जुळे भाऊ शोभतील. संस्कृतात ‘अधुना’ म्हणजे आत्ता, त्यावरून आधुनिक. लॅटिनमध्ये ‘मोदो’ म्हणजे आत्ताच, त्यावरून ‘मोदेर्नुस’. सहाव्या शतकातला कासिओदोरस तो शब्द वापरतो. पण लॅटिन शब्दाच्या पोटात आणखी एक पदर आहे. ‘मोदो’ हे ‘मोदुस’चे रूप, आणि मोदुस म्हणजे माप. ‘मापातच, तेवढ्यातच’ यावरून ‘एवढ्यातच, आत्ताच’ असा अर्थ सरकत गेला. तेव्हा विमान म्हणजे मोजणे आणि मॉडर्नच्याही तळाशी मोजणेच. शिवाय मोदुसचे लघुरूप ‘मोदुलुस’, छोटे माप. ते इटालियनमध्ये ‘मोदेल्लो’ झाले आणि तिथून आले ‘मॉडेल’.

बी-५२ चा जन्म एका मॉडेलातच झाला. ऑक्टोबर १९४८ मध्ये बोइंगचे अभियंते ओहायो राज्यातल्या डेटन इथे पंख्याच्या इंजिनांचा आराखडा घेऊन गेले होते. हवाई दलाचे कर्नल पीट वॉर्डन यांनी तो पाहून शुद्ध जेट आणा असे सांगितले. तो गुरुवार होता. एड वेल्स, जॉर्ज शेअरर आणि त्यांचे सहकारी व्हॅन क्लीव्ह हॉटेलच्या खोलीत बसले. शेअरर यांनी दुकानातून बाल्सा लाकूड आणून विमानाची प्रतिकृती कोरली. सोमवारी ३३ पानांचा प्रस्ताव आणि ते लाकडी विमान वॉर्डन यांच्या टेबलावर होते. मागे कललेले पंख, पंखांखाली जोडीजोडीने टांगलेली आठ इंजिने. हे एका शनिवार-रविवारचे काम म्हणून सांगितले जाते, पण त्यामागे वर्षांचा अभ्यास होता. कललेल्या पंखांची माहिती शेअरर यांनी १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता, जर्मनीतल्या संशोधन केंद्रात पाहिली होती आणि बोइंगच्या विंड टनेलमध्ये ती मोजून घेतली होती. त्या खोलीत आलेले आकडे आधीच पारखलेले होते.

नाव ठेवले ‘स्ट्रॅटोफोर्ट्रेस’. बोइंगच्या बाँबफेक्यांना किल्ला म्हणण्याची प्रथा १९३५ ची. बी-१७ पाहून सिअॅटलमधल्या एका बातमीदाराने त्याला ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’ म्हटले आणि नाव चिकटले. ‘फोर्ट’मध्ये लॅटिन ‘फोर्तिस’ आहे, म्हणजे बळकट. आपल्या ‘दुर्ग’चा रोख वेगळा. दुर्ग म्हणजे जिथे जाणे दुष्कर ते ठिकाण. भिंत किती जाड यापेक्षा शत्रूला तिथवर पोचता येते का, हे त्यात महत्त्वाचे. पंधरा किलोमीटर उंचीवर उडणारे बी-५२ खऱ्या अर्थाने दुर्ग होते, कारण तिथवर पोचणे शत्रूला अवघड होते. मे १९६० मध्ये सोव्हिएत क्षेपणास्त्राने त्याहूनही उंच उडणारे यू-२ पाडले आणि उंचीचे संरक्षण संपले. आता रडारच्या नजरेखालून, जमिनीलगत उडणे भाग झाले. विरळ, शांत हवेसाठी घडवलेल्या छप्पन्न मीटर रुंद पंखांना खालच्या दाट, खळबळत्या हवेचे दणके बसू लागले. किल्ला बळकट होता. तो वापरायची रीत बदलली आणि म्हातारपण आधी आले.

इथे मराठीतले एक क्रियापद फार उपयोगी पडते: जिरणे. अन्न जिरते, पाणी जमिनीत जिरते, राग जिरवावा लागतो. संस्कृतात ‘जॄ’ धातूचे दोन अर्थ एकत्र नांदतात, झिजणे-म्हातारे होणे आणि पचणे. त्याच्यापासून जरा, जीर्ण, अजीर्ण आणि आपले जिरणे. ‘जुना’सुद्धा त्याच घरचा; संस्कृत ‘जूर्ण’, प्राकृत ‘जुण्ण’, मग जुना. म्हणजे जुने होणे आणि जिरवणे या आपल्या भाषेने एकाच मुळाशी बांधलेल्या गोष्टी आहेत. धातूचे शास्त्र नेमके हेच सांगते. पंख प्रत्येक झोक्याला किंचित वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. एकेक ताण धातूला मोडण्याइतका मोठा नसतो. तो आत जिरतो. लाखो वेळा जिरला की कुठेतरी केसाएवढी चीर उमटते. इंग्रजीत याला धातूचा ‘थकवा’ म्हणतात, पण थकलेला माणूस झोपून ताजा होतो. धातू होत नाही. त्याने जे जिरवले ते कायमचे जमा राहते. म्हणून जुन्या विमानाचे वय वर्षांत मोजत नाहीत, उड्डाणतासांत मोजतात. बी-५२ च्या बाबतीत मर्यादा घालतो तो पंखाचा वरचा पृष्ठभाग, आणि ती मर्यादा ३२,५०० ते ३७,५०० तासांची धरली आहे. ही विमाने वर्षाला तुलनेने कमी उडतात, म्हणून साठी ओलांडूनही त्यांचा हिशेब संपलेला नाही.

हे आकडे बसल्या जागी मिळाले नाहीत. १० जानेवारी १९६४ रोजी बोइंगचे चाचणी-वैमानिक चक फिशर आणि त्यांचे सहकारी एक ‘एच’ विमान घेऊन निघाले. अंगावर जागोजागी ताण मोजणारी उपकरणे होती. खळबळत्या हवेत सांगाड्याला किती सोसावे लागते ते नोंदवायचे होते. कोलोरॅडोच्या डोंगरांवर वाऱ्याचा असा तडाखा बसला की शेपटीचा उभा पंख जवळजवळ पूर्ण तुटून पडला. त्या पंखाशिवाय हे विमान सरळ उडणे जवळपास अशक्य. जमिनीवरच्या अभियंत्यांशी बोलत, टाक्यांतले इंधन इकडून तिकडे फिरवून तोल सांभाळत, त्यांनी ते तासन्‌तास हवेत ठेवले आणि आर्कान्सासमधल्या ब्लायदव्हिल तळावर उतरवले. सगळे सुखरूप. उपकरणांनी तो तडाखा टिपला होता आणि त्या आकड्यांवरून शेपटीचा सांगाडा बळकट करण्यात आला. तेच विमान २००८ पर्यंत सेवेत होते. चाचणीच्या इतिहासात मला याहून मोठा प्रसंग आठवत नाही. मोजायला गेलेली माणसे माप घेऊनच परत आली.

‘टेस्ट’ या शब्दाचे मूळ सोनारांच्या शेगडीपाशी आहे. लॅटिन ‘तेस्तुम’ म्हणजे मातीचे भांडे. जुन्या फ्रेंचमध्ये सोन्याचांदीचा अस्सलपणा पाहण्याच्या सच्छिद्र वाटीला ‘तेस्त’ म्हणत. हिणकस चांदी शिशाबरोबर तापवली की शिसे आणि हीण वाटी शोषून घेते, शुद्ध चांदीचा मणी मागे राहतो. मराठीतही हा शब्दांचा संसार सोनाराकडचाच. कसोटी म्हणजे ‘कषपट्टिका’, सोने घासून पाहायचा काळा दगड. ‘कष्’ म्हणजे घासणे, त्यावरून कस, कस लागणे, निकस. पारख आली ‘परीक्षे’तून, आणि ‘परि’ म्हणजे सभोवार. चहूबाजूंनी पाहणे ती परीक्षा. गंमतीची गोष्ट अशी की ‘रिसर्च’च्या मुळाशीही लॅटिन ‘किर्कारे’ आहे, म्हणजे भोवती फिरणे. दोन दूरच्या भाषांना सुचले ते एकच: खरे काय ते कळायचे तर वस्तूभोवती फिरले पाहिजे.

सोनाराचीच आणखी एक संज्ञा: मोड. जुने, तुटके दागिने वितळवायला देतात ती मोड, आणि त्यावरून मोडीत काढणे. अॅरिझोनात टूसॉनजवळ डेव्हिस-मॉन्थन तळावर अमेरिकेची मोडीत काढलेली विमाने रांगेत उभी असतात. हवा कोरडी म्हणून गंज कमी, जमीन टणक म्हणून फरसबंदीची गरज नाही. तिथल्या लोकांचा शब्द ‘बोनयार्ड’, हाडांचे आवार. २०१५ पर्यंत या आवारातून ‘एच’ प्रकारातले बी-५२ कधी सेवेत परत आले नव्हते. २००८ पासून तिथे उभे असलेले ‘घोस्ट रायडर’ हे विमान फेब्रुवारी २०१५ मध्ये उडून लुइझियानातल्या बार्क्सडेलला गेले, आणि २०१९ मध्ये ‘वाइज गाय’ त्याच्यामागून. ताफ्यातली एकेक जागा रिकामी झाली होती, ती भरायची होती आणि नवे तर बनत नाही.

याच्या कितीतरी आधी भारताने हे करून दाखवले होते, आणि अधिक बिकट परिस्थितीत. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरजवळ अमेरिकी बनावटीची लिबरेटर बाँबफेकी विमाने टाकून दिलेली होती. कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम नासधूस करून. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यांतली चाळीसहून अधिक निवडून उडण्याजोगी केली, आणि चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळुरूला उडवत नेली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांच्यावर हवाई दलाची पाचवी स्क्वाड्रन उभी राहिली. १९६८ पर्यंत लिबरेटर भारताच्या सेवेत होती, आणि त्यांतले एक पुढे ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाला भेट दिले गेले. या कामाला ‘दुरुस्ती’ हा फारसी शब्द अपुरा वाटतो, ‘डागडुजी’ तर त्याहून. देवळांसाठी राखून ठेवलेला ‘जीर्णोद्धार’ मी इथे बिनदिक्कत वापरीन. जीर्ण झालेले वर उचलणे हा त्याचा अक्षरार्थ, आणि कानपूरच्या मातीतून ती विमाने अक्षरशः वर उचलली गेली.

बी-५२ साठी मात्र तो शब्द माझ्या लेखणीतून उतरत नाही. त्याचे कारण ‘बाँबफेकी’तल्या पहिल्या दोन अक्षरांत आहे. ग्रीक ‘बोम्बोस’ म्हणजे घुमणारा आवाज. त्यावरून लॅटिन, इटालियन, फ्रेंच अशी वाट तुडवत ‘बाँब’ आला. पोर्तुगीजांच्या ‘बोंबा’ला पंप आणि स्फोटक असे दोन्ही अर्थ आहेत. त्यांच्याकडून आपण पहिला घेतला आणि आग विझवणारा, पाणी तापवणारा ‘बंब’ मराठी झाला. दुसरा पुढे इंग्रजांकडून आला. शिमग्याची बोंब या नात्यातली नाही, ती आपल्याच तोंडच्या आवाजावरून निघाली, पण आवाजावरून शब्द बांधायची खोड सगळीकडे सारखीच. व्हिएतनामी भाषेत तर शब्द बनवायचीही गरज पडली नाही. तिथे या विमानाला त्यांच्या आकड्यांत ‘बे नम हाय’ म्हणतात आणि पिढी कुठलीही असो, अर्थ सांगावा लागत नाही. डिसेंबर १९७२ मध्ये हनोई आणि हायफाँगवर याच विमानांची बारा दिवसांची मोहीम चालली. २६ डिसेंबरच्या रात्री हनोईतल्या खाम थिएन या दाट वस्तीच्या रस्त्यावर बाँब पडले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. त्या मोहिमेत १५ बी-५२ही पडली. विमानाच्या प्रत्येक रिव्हेटवरचा ताण मोजणाऱ्या विद्येबद्दल मला मनापासून आदर आहे. ती विद्या कशासाठी राबते हे विसरून तिच्याबद्दल लिहिणे मात्र मला शक्य नाही. म्हणून इथे ‘आधुनिकीकरण’च बरे. त्यात पुण्य सुचवले जात नाही. ‘आत्ता’ एवढेच सांगितले जाते.

सध्याच्या आधुनिकीकरणाचे मोठे काम इंजिनांचे आहे. ‘इंजिन’मध्ये लॅटिन ‘इन्गेनिउम’ आहे, उपजत बुद्धी. मध्ययुगात बुद्धीने रचलेल्या वेढ्याच्या यंत्रांना तो शब्द लागला. आपले ‘यंत्र’ ‘यम्’ धातूचे, आवरून धरणारे. दोन्ही अर्थ इथे हवेत. साठच्या दशकातल्या प्रॅट अँड व्हिटनीच्या टीएफ-३३ ची जागा रोल्स-रॉइसचे एफ-१३० घेणार आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ते ठरले. मूळ इंजिन गल्फस्ट्रीमच्या खासगी जेटचे. आठच्या जागी चार मोठी इंजिने का नाहीत, हे कुणीही विचारील. मोठ्या इंजिनांना पंखाखाली जमिनीपासून पुरेसे अंतर मिळत नाही, आणि कडेचे एक बंद पडले तर विमान एका अंगाला इतके ओढले जाते की सुकाणू ते आवरू शकत नाही. तेव्हा आठच, ७६ विमानांना ६०८. इंधन सुमारे तीस टक्के वाचेल असा अंदाज आहे, आणि इंजिन बदलले की या विमानाचे नाव ‘एच’वरून ‘जे’ होईल. मधला ‘आय’ एक या आकड्यासारखा दिसतो म्हणून गाळतात.

साठ वर्षांच्या पंखावर नवे इंजिन चढवताना न्यायशास्त्रातली दोन जुनी प्रमाणे कामाला येतात: अनुमान आणि प्रत्यक्ष. ‘अनुमान’ आणि ‘प्रमाण’ हे दोन्ही शब्द ‘मा’चीच लेकरे. संगणकातले चित्र, आकडेमोड, विंड टनेलमधली छोटी प्रतिकृती हे अनुमान. मिसिसिपीत नासाच्या स्टेनिस केंद्रावर जोडीच्या आवरणात बसवलेली खरी इंजिने उघड्यावर चालवून, त्यांच्यावर आडवा वारा सोडून जे दिसते ते प्रत्यक्ष प्रमाण. दोन इंजिने एका आवरणात शेजारी बसतात, तेव्हा आत शिरणारी हवा दोघांच्या तोंडाशी सगळीकडे सारख्या दाबाने येईलच असे नाही. ती विस्कळीत आली तर आतली पाती थरथरतात, जोर कमी होतो, इंजिन बंदही पडू शकते.

या ठिकाणी मराठी आणि हिंदी एका शब्दावरून वेगळ्या होतात. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे फेरबदल. संविधानात संशोधन होते, त्याला आपण घटनादुरुस्ती म्हणतो. मराठीत ‘संशोधन’ म्हणजे शोध, हिंदीतले अनुसंधान. मूळ धातू ‘शुध्’, स्वच्छ करणे, हीण काढणे. एका भाषेने चूक काढण्यावर बोट ठेवले, दुसरीने सत्य निवडून काढण्यावर. एफ-१३० च्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एका पाठोपाठ एक आले. हवा तोंडाशी असमान येते हे चाचण्यांत दिसले. इंजिनांच्या प्रवेशद्वाराचा आराखडा पुन्हा घ्यावा लागला, वेळापत्रक लांबले, आणि बदललेला आकार परत विंड टनेलमध्ये मोजायला गेला.